सात घरचं अन्न

साताऱ्यात पेठांना वारांची नावं आहेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून खाली येत गेलं की एका पेठेतून दुसरीत आपण कधी शिरलो ते कळतही नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत या गल्ल्यांतून फिरणाऱ्या काही मुलांच्या डोक्यात वारांची आणखी एक यादी पक्की असे. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी वैद्यांकडे, बुधवारी राजवाड्यामागच्या काकूंकडे. शनिवारचं जेवण मंगळवार पेठेत असे आणि गुरुवारचं शनिवारात. ही खेड्यांतून इंग्रजी शिकायला आलेली गरीब घरची मुलं. त्यांनी वार लावलेले असत. सात घरं मिळाली की आठवडा भरला. पाचच मिळाली, तर दोन दिवस फुटाण्यांवर आणि कासच्या पाण्यावर काढायचे. तलावातलं ते पाणी तेव्हा पाटाने गावात येई आणि हौदांतून सगळ्यांना मिळे.

आज दहावीचा निकाल लागतो तेव्हा शेजारच्या घरातही कोणी मान वर करून पाहत नाही. त्या काळी 'मॅट्रिक झाला' हे दोन शब्द गावभर फिरत. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, पहिल्यांदा घेतली गेली ती 1859 साली. मराठी शाळा संपल्यावर इंग्रजीच्या सात इयत्ता. त्यातल्या वरच्या वर्गांत इतिहास इंग्रजीत, भूमिती इंग्रजीत, संस्कृतचं भाषांतर करायचं तेही इंग्रजीत. ज्या मुलाच्या घरी सात पिढ्यांत कोणी इंग्रजीचा शब्द उच्चारला नव्हता, त्याने ही सात वर्षं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला छातीशी धरून काढायची. संस्कृत घेतलं असेल तर भांडारकरांची 'मार्गोपदेशिका'. ही पुस्तकं बहुधा जुनी, वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेली, आणि समासात आधीच्या दोन-तीन मालकांनी बोरूने लिहिलेले अर्थ. फी परवडत नसेल तर नादारीसाठी अर्ज करायचा. पूर्ण नादारी मिळाली तर देव पावला, अर्धी मिळाली तर उरलेल्या अर्ध्यासाठी कुणाच्या तरी घरी पाणी भरायचं, पूजा सांगायची, नाहीतर लहान मुलांची शिकवणी घ्यायची. रात्री रॉकेलची चिमणी. रॉकेल संपलं की देवळातल्या समईशेजारी.

हे सगळं पुस्तकांत वाचायला मिळतं. त्या पिढीतल्या अनेकांनी आत्मचरित्रं लिहिली आणि त्यांत वारांच्या आठवणी कृतज्ञतेने सांगितल्या आहेत. मी मात्र ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती दुसऱ्या बाजूने, वाढणाऱ्यांच्या बाजूने. आमच्या आजीचं माहेर साताऱ्याचं. तिच्या घरी गुरुवारचा मुलगा येई. त्याला नाव होतं, पण घरात त्याला 'गुरुवार'च म्हणत. 'गुरुवार आला गं, पाट मांड,' असं तिची आई म्हणजे माझी पणजी आतून सांगे. मुलगा जावळीच्या खोऱ्यातल्या कुठल्याशा वाडीतला, वडील नसलेला. तो येऊन विहिरीवर हातपाय धुई, ओल्या पायांनी माजघराच्या कोपऱ्यात बसे, आणि ताटात काय पडतंय त्याकडे न पाहता जेवे. दुसऱ्यांदा मागायचं नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्याला ते माहीत होतं. पणजीला ते दिसे. तिचा एक नियम होता. 'पोट भरलं का, असं विचारायचं नाही. वाढायचं.' विचारलं तर तो 'हो' म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती न विचारता भाकरीचा चतकोर टाकी, भाताचा आणखी एक डाव टाकी, वर आमटी ओती, आणि तोंड फिरवून चुलीकडे बघत बसे, म्हणजे त्याला मोकळेपणाने जेवता येई.

मला वाटतं, शिक्षणाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण त्या तोंड फिरवून बसण्यात आहे. ते कोणी लिहिलेलं नाही.

जेवण झाल्यावर त्याला लगेच जायला सांगत नसत. दुपारची शाळा सुरू होईपर्यंत तो ओसरीवर बसून पाठांतर करी. गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मराठी तिसरीनंतर तिची शाळा सुटली होती. ती आत वाती वळत बसे आणि ओसरीवरून येणारा तो ठेका तिच्या कानात शिरे. पुढे सत्तर वर्षांनी आम्हा नातवंडांना झोपवताना ती तोच ठेका म्हणे. अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. क्रियापदं मात्र एकही चुकत नव्हती.

वार म्हणजे भरवशाचा घास, असं दुरून वाटतं. प्रत्यक्षात तो फार नाजूक धागा होता. घरात सुतक आलं, वार बुडाला. यजमानांची बदली झाली, वार गेला. गृहिणी बाळंतपणाला माहेरी गेली, तीन महिने गेले. आणि प्लेग आला म्हणजे सगळंच गेलं. 1897 पासून पुढे कितीतरी वर्षं प्लेगने या भागातली गावं पुन्हा पुन्हा रिकामी केली. माणसं माळावर झोपड्या बांधून राहत, शाळा बंद पडत, आणि सात घरांच्या सात झोपड्या सात दिशांना पांगत. परीक्षेच्या वर्षी असं झालं तर वर्षच्या वर्ष पाण्यात. मॅट्रिकला नापास होणं मुळातच नवलाचं नव्हतं. दोन-दोन, तीन-तीन वेळा बसणारे पुष्कळ होते. त्या नापासांच्या याद्या पाहताना मला नेहमी वाटतं, यातले किती जण भूमितीत नापास झाले आणि किती जण उपासात?

आजीचा गुरुवार दुसऱ्या खेपेला पास झाला. निकालानंतर तो साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन सातही घरी गेला. पणजीने पेढा देवापुढे ठेवला आणि त्याला ताट वाढलं. तो दिवस गुरुवार नव्हता, हे आजी आवर्जून सांगे. पुढे तो रेल्वेत लागला आणि लांब कुठेतरी गेला.

इथेच थांबलं तर ही गोष्ट गोड होते, आणि बहुतेक आत्मचरित्रं इथेच थांबतात. पण आमच्या त्या माजघरात कुणाचा पाट मांडला जात होता? वार लागत ते जात पाहून. ब्राह्मणाच्या गरीब मुलासाठी पेठेतली सात दारं उघडत. कुणब्याच्या गरीब मुलाला त्या माजघरापर्यंत येता येत नसे. महार, मांग, चांभार यांच्या मुलांना अंगणाच्या अलीकडे थांबावं लागे. पणजीचा हात सढळ होता, हे खरं. तो उंबऱ्याच्या आतच सढळ होता, हेही तितकंच खरं. गरिबी सारखी, बुद्धी सारखी, भूक तर अगदीच सारखी. तरीही एकाला सात घरं आणि दुसऱ्याला एकही नाही. मॅट्रिकच्या याद्यांत वर्षानुवर्षं कोणती आडनावं दिसतात याचं निम्मं उत्तर मला शाळेच्या फळ्यापेक्षा या चुलींपाशी सापडतं.

याच गावात, राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजी सुभेदारांचा मुलगा भीमराव इंग्रजी पहिलीत दाखल झाला. घरून आणलेल्या गोणपाटावर तो बसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही; शिपाई असेल आणि त्याने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान तशीच घरी न्यायची. वडील गोरेगावला नोकरीवर, आई गेलेली, घरी आत्या आणि भावंडं. शाळेतले आंबेडकर नावाचे एक मास्तर मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी या मुलाला देत, म्हणजे त्याला जेवायला लांब घरी जावं लागू नये. बाबासाहेबांनी त्या भाकरीची आठवण जन्मभर जपली. सात घरं तर सोडाच, एका माणसाच्या डब्यातला वाटा. पण तो रोजचा होता, आणि मला तो फार मोठा वाटतो. भीमराव पुढे मुंबईला गेला, 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले आणि स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. शाळाप्रवेशाचा तो 7 नोव्हेंबर आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

साताऱ्याच्या वाटेवर आणखी एक मुलगा आधी येऊन गेला होता. 1875 साली, भर पावसात, मुरुडचा धोंडो केशव कर्वे सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून शंभरावर मैल पायी साताऱ्याला आला, मराठी सहावीच्या परीक्षेला बसायला. तिथल्या साहेबांना तो सतरा वर्षांचा वाटेना. दाखला दाखवूनही उपयोग झाला नाही. परीक्षेला न बसताच त्याला परतावं लागलं. हा मुलगा मॅट्रिक झाला तो 1881 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी.

आता या दोघांनी मोठेपणी काय केलं ते पाहा. कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर विधवा मुलींसाठी घर उभारलं, जिथे शाळा होती आणि शाळेच्या आधी चूल होती. कारण मुलीला वार कोण लावणार? गावात एकटी राहून सात घरी जेवायला जाणारी मुलगी त्या काळात कुणाच्या कल्पनेतही नव्हती. आश्रमाने तिला आधी राहायला आणि जेवायला जागा दिली, म्हणून पुढे 1916 साली महिलांचं विद्यापीठ निघू शकलं. आणि बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा सभेने सुरुवातीलाच हाती घेतलेल्या कामांत 1925 सालचं सोलापूरचं वसतिगृह होतं. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाने आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय पाहिली. ज्याने शिपाई नाही म्हणून तहान सोसली, त्याला शिकण्याच्या आड काय येतं ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे त्याआधीच ओळखलं होतं. 1902 साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, पण त्या जागांवर बसण्याइतकी शिकलेली मुलं यायची कुठून? खेड्यातला मुलगा कोल्हापुरात आला तर राहील कुठे, खाईल काय? त्यासाठी 1901 पासूनच एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघू लागली होती: मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पेठेने दार लावलं तिथे राजाने घरच बांधलं. प्रत्येक जातीचं घर वेगळं राहिलं, ही त्या काळाची मर्यादा होती.

पालगडचा पांडुरंग सदाशिव साने दापोलीहून औंधला शिकायला आला तोही याच काळात. तिथे त्याने हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून दिवस काढले. प्लेगने तिथूनही हलवलं. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून तो 1918 साली मॅट्रिक झाला. आई आदल्याच वर्षी गेली होती. आईच्या आठवणींचं पुस्तक सगळ्या महाराष्ट्राने वाचलं आहे. अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी तितके कुणाला आठवत नाहीत. 1924 पासून ते तिथे शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं घड्या करून ठेवत, कंदिलांच्या काचा पुसत, आणि त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. औंधला ज्याच्यासाठी कुणी कंदील पुसून ठेवला नव्हता, त्याने हे केलं.

आणि पुन्हा सातारा. भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकपर्यंत पोहोचले नव्हते. 1919 साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्याला आणली. धनिणीच्या बागेत वसतिगृह थाटलं. कोल्हापूरच्या बोर्डिंगांपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत जेवत. 1927 साली गांधीजी आले, वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. ज्या गावात हे वसतिगृह निघण्याच्या चोवीस वर्षं आधी एका मुलाला नळाला हात लावू देत नव्हते, तिथेच आता त्याच जातीचा मुलगा भाकरी थापत होता आणि मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा मुलगा ती खात होता. चोवीस वर्षं म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातलाही छोटाच तुकडा.

ही पंक्ती चालवली लक्ष्मीबाई पाटलांनी. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसे मागत. ते हाती येईपर्यंत मुलं उपाशी राहणार नाहीत हे लक्ष्मीबाई पाहत. घरात दाणा नाही असा दिवस आला की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई. दागिने संपले तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिलं. 1930 साली त्या गेल्या. ती मुलं शिकून मोठी झाल्याचं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. रयतेचा वटवृक्ष आज महाराष्ट्रभर पसरला आहे, लाखो मुलं त्याखाली शिकली. त्या वटवृक्षाचं मूळ मी धनिणीच्या बागेतल्या त्या चुलीत मानते.

माझी पणजी आणि लक्ष्मीबाई, दोघींनीही परक्याची मुलं जेवू घातली. दोघींनाही स्वतःला शिकता आलं नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की एकीने आपल्या उंबऱ्याच्या आत वाढलं आणि दुसरीने उंबराच काढून टाकला. पणजीबद्दल माझ्या मनात माया आहे. लक्ष्मीबाईंबद्दल माया आहे आणि त्याहून मोठं काहीतरी आहे. वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी वाचून कुणी म्हणालं, 'काय सुंदर काळ होता तो, अख्खं गाव विद्यार्थ्याला सांभाळायचं,' तर मी त्यांना विचारते की गावात कोण कोण धरलं होतं. शिवाय त्या मुलींचं काय, ज्या ओसरीवरचं पाठांतर आतून ऐकत वाती वळत बसल्या?

हा प्रश्न संपलेला नाही. बीड, धाराशिव, नंदुरबार, गडचिरोलीच्या खेड्यांतून मुलं-मुली आजही पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात शिकायला येतात. शाळा-कॉलेजात प्रवेश मिळतो, फी माफही होते. पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे कुठून आणायचे? एका डब्यात दोघं जेवणारी मुलं सदाशिव पेठेत आज आहेत. रात्रीचं जेवण टाळून अभ्यासिकेत बसणाऱ्या मुली आहेत. नेमकी एवढीच गरज ओळखून पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था 1955 पासून गरीब मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे, आणि अशा वसतिगृहांत जागेपेक्षा अर्ज नेहमीच जास्त असतात. शिक्षणाला देणगी द्यायची म्हटलं की आपण वर्गखोली बांधतो, संगणक देतो, भिंतीवर नावाची पाटी लावतो. ताटाला पाटी लावता येत नाही, म्हणून ते राहून जातं.

तुमच्या गावात एखादं वसतिगृह असेल. मुलांचं असेल, मुलींचं असेल, समाजकल्याणचं असेल किंवा एखाद्या संस्थेचं. एकदा तिथे जेवणाच्या वेळी जा. ताटात काय पडतंय ते पाहा. मग कार्यालयात जाऊन एका मुलाच्या किंवा मुलीच्या वर्षभराच्या जेवणाचे पैसे भरा, आणि ते कोणासाठी आहेत हे विचारू नका. त्याचं आडनावही विचारू नका.